खातं गोठलं म्हणजे पैसे मिळाले?

2020 च्या खरीप पीकविम्याचा वाद सर्वोच्च न्यायालयात पोचला, तेव्हा विमा कंपनीला 200 कोटी रुपये न्यायालयात भरावे लागले. तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांचं ते प्रकरण. त्यावरून कुणी असा समज करून घेईल की भांडण कोर्टात नेलं की समोरच्याचा पैसा आधी अडकतो आणि मग सुनावणी सुरू होते. पण त्या प्रकरणात उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने शेतकऱ्यांच्या बाजूने आधीच निकाल दिला होता. पैसे भरायचा आदेश पुढच्या अपिलातला. उमरग्याचा आडत्या खरेदीदारावर दावा लावतो किंवा दोन भागीदार एकमेकांविरुद्ध उभे राहतात, तेव्हा निकाल अजून लागायचा असतो. तिथे कोर्टाला पैशाला हात लावायला वेगळं कारण द्यावं लागतं.

"बिलं पक्की आहेत, मग खातं गोठवायला काय हरकत?"

समजा, एका आडत्याने सोलापूरच्या तेल गिरणीला वीस लाखांचं सोयाबीन उधारीवर दिलं. वजनकाट्याच्या चिठ्ठ्या, बिलं, व्हॉट्सअ‍ॅपवरचा 'पुढच्या आठवड्यात टाकतो' हा निरोप, सगळं जागेवर आहे. एवढ्याने दावा भक्कम होतो, पण गिरणीच्या खात्यावर जप्ती येत नाही.

निकालापूर्वीच्या जप्तीची तरतूद दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 38, नियम 5 मध्ये आहे. तिचा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने 2007 साली रामन टेक विरुद्ध सोळंकी ट्रेडर्स या प्रकरणात लावून दिला: विनातारण येण्याला तारण मिळवून देणं हा या नियमाचा हेतू नाही. उधार देताना तुम्ही तारण घेतलं नाही, तर ते मागाहून कोर्टाकडून मिळवता येत नाही. दावा प्रथमदर्शनी खरा दिसला पाहिजे, आणि त्याखेरीज प्रतिवादी उद्याचा हुकूमनामा निष्फळ व्हावा म्हणून मालमत्ता विकतोय किंवा हलवतोय हेही दिसलं पाहिजे. नुसता दावा लागला म्हणून कुणाला स्वतःच्या मालमत्तेचे व्यवहार करायला बंदी होत नाही, आणि धंदा एका जागेवरून दुसऱ्या जागी हलवला, यंत्रं दुसरीकडे नेली, एवढंच कारण पुरत नाही, असं त्याच निकालात आहे. गिरणी तेल विकणारच. तो तिचा धंदा आहे.

म्हणून अशा अर्जाचा खरा जीव शपथपत्रात असतो, आणि आमच्याकडे नेमकं तेच घाईत उरकलं जातं. "प्रतिवादी मालमत्तेची विल्हेवाट लावण्याच्या तयारीत आहे" हे वाक्य टंकलेखकाला पाठ असतं, पण त्याने काही सिद्ध होत नाही. दावा लागण्याच्या सुमारास कोणता प्लॉट कोणाच्या नावे खरेदीखताने गेला, फेरफार कधी पडला, मेहुण्याच्या नावे नवी फर्म कधी उघडली, हे तारखा आणि नकलांसह लागतं.

"भागीदारी नोंदलेली नाही, आता काहीच होत नाही"

हा गैरसमज सगळ्यात महागात पडतो, आणि त्याला इतिहासही आहे. नोंदणी नसलेल्या फर्मच्या भागीदारावर भागीदारी कायद्याच्या कलम 69 मध्ये बंधनं आहेत, पण फर्म विसर्जित करून हिशेब मागायची वाट मूळ कायद्याने मोकळी ठेवली होती. महाराष्ट्राने 1984 च्या दुरुस्तीने पोटकलम 2-अ घालून ती वाटही जवळजवळ बंद केली. सर्वोच्च न्यायालयाने व्ही. सुब्रमण्यम प्रकरणात 2009 साली हे पोटकलम घटनाबाह्य ठरवलं. तेव्हा विसर्जनाचा आणि हिशेबाचा दावा आज लावता येतो.

आणि इथे दाव्याचं स्वरूपच बदलतं. आडत्याचं गिरणीकडे फक्त येणं होतं. गिरणीच्या खात्यातल्या पैशावर त्याचा हक्क नव्हता. भागीदारांच्या भांडणात फर्मचं खातं हीच वादातली मालमत्ता असते. एकटा भागीदार ते रिकामं करत असेल तर आदेश 39 खाली मनाई हुकूम मागता येतो, आदेश 40 खाली रिसिव्हर मागता येतो. रामन टेकचा उंबरठा इथे त्याच रूपात आड येत नाही. वकिलाकडे जाण्याआधी माणसाने स्वतःला एवढंच विचारावं: माझा दावा या रकमेवर आहे, की या माणसावर?

भागीदारीपत्रात लवादाचं कलम असेल तर लवाद कायद्याच्या कलम 9 खाली जायचं. मात्र आदेश मिळाल्यापासून 90 दिवसांत लवादाची कार्यवाही सुरू करावी लागते.

"समोरच्याला कळायच्या आत आदेश आणू"

एकतर्फी मनाई मिळते, पण का दिली याची कारणं कोर्टाला लिहावी लागतात, कागदपत्रं प्रतिवादीला लगेच पाठवावी लागतात, आणि अर्ज 30 दिवसांत निकाली काढायचा प्रयत्न कोर्टाने करायचा असतो. समोरच्याने आधीच कॅव्हेट, म्हणजे 'मला ऐकल्याशिवाय आदेश देऊ नका' असा अर्ज, लावून ठेवलं असेल तर ते 90 दिवस लागू राहतं. शिवाय वाद व्यापारी न्यायालय कायद्यात बसणारा, तीन लाख किंवा त्याहून अधिक रकमेचा असेल तर दाव्याआधी मध्यस्थी सक्तीची आहे. तातडीची मागणी असेल तर सूट मिळते, पण ती सूट मिळवण्यासाठी रचलेली खोटी तातडी चालणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये सांगून टाकलं.

आदेश झाला तरी त्याची नक्कल शाखेत पोचेपर्यंत बँक चेक वटवत राहते. शुक्रवारी दुपारी हुकूम झाला आणि सोमवारी नक्कल दिली, तर मधल्या दिवसांत खातं रिकामं होऊ शकतं.

"जप्ती आली म्हणजे रक्कम माझी"

नाही. आधीपासून ज्यांचा त्या मालमत्तेवर हक्क आहे, उदाहरणार्थ कॅश क्रेडिट देणारी बँक, त्यांचा हक्क तसाच राहतो. प्रतिवादीने पुरेसं तारण दिलं तर जप्ती उठते. हुकूमनामा झाल्यावर पुन्हा जप्ती करावी लागत नाही, पण वसुलीची दरखास्त मात्र करावीच लागते.

पोलिसांकडून खातं गोठवून घेण्याच्या आडवाटेचंही तेच. बँक खातं ही मालमत्ता आहे आणि तपासात पोलीस ते गोठवू शकतात, हे महाराष्ट्र सरकार विरुद्ध तापस नियोगी या 1999 च्या निकालाने ठरलं. आता ती तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 106 मध्ये आहे. पण ते गुन्ह्याच्या तपासासाठी असतं. थकलेली उधारी वसूल करून देणं पोलिसांच्या कामात येत नाही.

हद्द आणि शेतमाल

उमरग्याला कर्नाटक जवळ. गोदाम बसवकल्याणला असलं की कोर्टाचा हात पोचत नाही, असं मानणाऱ्यांनी दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम 136 वाचावं: हद्दीबाहेरच्या मालमत्तेच्या जप्तीचा आदेश करून कोर्ट तो तिथल्या जिल्हा न्यायालयाकडे पाठवू शकतं.

उलट, शेतकऱ्याच्या घरात थप्पी मारलेल्या सोयाबीनवर निकालापूर्वी जप्ती मागताच येत नाही; आदेश 38 च्या नियम 12 ने ती वगळली आहे. उचल देऊन बसलेल्या आडत्याने दाव्याआधी हे पाहून घ्यावं. अपुऱ्या कारणावर जप्ती आणली असं ठरलं, तर कलम 95 खाली समोरच्याला 50 हजार रुपयांपर्यंत भरपाई द्यावी लागते.