भोईवाड्याच्या दप्तरात न उतरलेले कलम

परळ आणि नायगाव यांच्या दरम्यान वसलेल्या भोईवाड्यात पोलीस ठाणे आहे, फौजदारी न्यायालय आहे आणि स्मशानभूमीही आहे; आणि तेथून जवळच, आचार्य दोंदे मार्गावर, १९२६ पासून गिरणगावातील गोरगरिबांना आधार देत आलेले महापालिकेचे के.ई.एम. रुग्णालय उभे आहे. या रुग्णालयात २७ नोव्हेंबर १९७३ च्या संध्याकाळी, उत्तर कन्नड जिल्ह्यातील हळदीपूर गावाहून मुंबईस येऊन परिचारिका झालेल्या पंचवीस वर्षांच्या अरुणा शानभाग यांच्यावर तेथल्याच एका सफाई कामगाराने हल्ला केला. कुत्र्याला बांधायच्या साखळीने त्यांचा गळा आवळण्यात आला, बलात्काराचा प्रयत्न झाला आणि त्या रजस्वला असल्याचे दिसताच हल्लेखोराने गुदमार्गाने अत्याचार केला, अशी हकिकत सर्वोच्च न्यायालयाच्या २०११ च्या निकालपत्रात नमूद आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेआठ वाजता त्या रक्ताने माखलेल्या, बेशुद्ध अवस्थेत आढळल्या. गळा आवळला गेल्यामुळे मेंदूला प्राणवायू न मिळून झालेली हानी कधीच भरून आली नाही.

आरोपी पकडला गेला, खटला उभा राहिला, शिक्षाही झाली. परंतु ती शिक्षा जबरी चोरीची आणि खुनाच्या प्रयत्नाची होती. सात-सात वर्षांच्या दोन शिक्षा त्याने एकत्रच भोगल्या आणि तो सुटला. त्या स्त्रीच्या देहावर जो अत्याचार झाला होता, त्याचे एकही कलम दोषारोपात नव्हते. सरकारी दप्तरापुरते बोलायचे तर त्या संध्याकाळी के.ई.एम. मध्ये लैंगिक स्वरूपाचा कोणताही गुन्हा घडलाच नव्हता.

हे कसे झाले, याचा शोध घेऊ लागले की आपण दीडशे वर्षांच्या कायद्याच्या इतिहासात जाऊन पोहोचतो. १८६० साली संमत झालेल्या आणि १ जानेवारी १८६२ पासून अमलात आलेल्या भारतीय दंडसंहितेच्या ३७५ व्या कलमाने बलात्काराची जी व्याख्या केली, तिच्यात पुरुषाने स्त्रीशी तिच्या इच्छेविरुद्ध किंवा संमतीवाचून केलेला संभोग एवढेच अभिप्रेत होते; संभोग म्हणजे काय हे कलमाने सांगितले नव्हते आणि न्यायालयांनी त्याचा अर्थ पुरुषेंद्रियाचा योनिप्रवेश इतकाच घेतला. त्याखेरीजचे कोणतेही आक्रमण, मग ते कितीही क्रूर असो, या व्याख्येबाहेर राहिले आणि त्याचा विचार विनयभंगाच्या ३५४ व्या कलमाखाली, नाही तर ‘अनैसर्गिक’ कृत्यांच्या ३७७ व्या कलमाखाली होऊ लागला.

तथापि अरुणा शानभाग यांच्या बाबतीत सारा दोष व्याख्येच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही. जन्मठेपेपर्यंत शिक्षेची तरतूद असलेले कलम ३७७ त्या वेळी कायद्याच्या पुस्तकात होते. बलात्काराच्या प्रयत्नाचा आरोपही ठेवता आला असता. पत्रकार पिंकी विराणी यांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकामुळे जी कहाणी सर्वतोमुखी झाली, तिच्यानुसार या तरुणीचा एका डॉक्टरांशी विवाह ठरलेला होता आणि तिच्या नावाला बट्टा लागू नये म्हणून अत्याचाराचा तो भाग झाकून ठेवण्यात आला. म्हणजे एकीकडे अपुरी व्याख्या आणि दुसरीकडे लोकलज्जा, अशा दोहोंच्या संगनमताने गुन्ह्याचे रूपच पालटले. मला यातली लोकलज्जा अधिक भयंकर वाटते, कारण व्याख्या विधिमंडळाला एका दिवसात बदलता येते. आणि तरीही ज्या व्याख्येत अशा अत्याचाराला बलात्कार म्हणून जागाच नव्हती, त्या व्याख्येनेच तो झाकणाऱ्यांचे काम सोपे केले, हेही विसरता येत नाही.

घडलेल्या अत्याचाराला भलत्याच कलमाचा आश्रय घ्यावा लागण्याचा हा काही पहिला प्रसंग नव्हता. मूळ दंडसंहितेने संमतीचे वय केवळ दहा वर्षे ठरवले होते आणि दहा वर्षांवरील पत्नीशी पतीने केलेला संभोग बलात्कार नव्हे, असा अपवाद त्याच कलमाला जोडलेला होता. १८९० साली कलकत्त्यात फुलमणी दासी ही दहा-अकरा वर्षांची बालिका, वयाने कितीतरी मोठ्या असलेल्या पतीच्या संभोगाने रक्तस्राव होऊन मरण पावली, तेव्हा तिने दहावे वर्ष ओलांडले होते एवढ्या एका कारणाने त्या पतीवर बलात्काराचा आरोप टिकू शकला नाही आणि बेपर्वाईच्या कृत्याने जबर दुखापत केल्याबद्दल त्याला एक वर्षाच्या सश्रम कारावासावर सोडण्यात आले.

त्यानंतर आलेल्या संमतिवयाच्या विधेयकाने महाराष्ट्र जितका ढवळून निघाला, तितका क्वचितच दुसऱ्या कोणत्या कायद्याने निघाला असेल. मुंबईचे बेहरामजी मलबारी १८८४ पासून बालविवाहाविरुद्ध लिहीत होते. त्याच सुमारास रखमाबाई, बालपणी झालेले लग्न आपणांस बंधनकारक नाही म्हणून पतीच्या घरी नांदायला जाण्याचे नाकारून, मुंबईच्या उच्च न्यायालयात उभ्या होत्या आणि १८८७ मध्ये नांदायला जा, नाही तर तुरुंगवास भोगा असा हुकूम झाल्यावरही ढळल्या नाहीत. आगरकरांनी विधेयकाचा पक्ष उचलून धरला, डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी धर्मशास्त्रातील आधार काढून त्याचे समर्थन केले, तर परकीय सरकारने आमच्या गृहधर्मात हात घालू नये म्हणून टिळकांनी कडाडून विरोध केला. टिळकांविषयी पूर्ण आदर बाळगूनही म्हणावेसे वाटते की, या वादात स्वराज्याची चिंता वाहणाऱ्यांना त्या बालिकेच्या देहाची चिंता तितक्याच तीव्रतेने वाटली नाही. मार्च १८९१ मध्ये कायदा झाला आणि वय दहाचे बारा झाले. पुढे १९२५ मध्ये ते चौदा आणि पत्नीसाठी तेरा, १९४९ मध्ये सोळा आणि पत्नीसाठी पंधरा, असे ते पायरीपायरीने वर चढत गेले. आणि प्रत्येक पायरीवर पत्नीचे वय, पहिली सोडली तर, एक वर्ष मागेच राहिले.

वय हा संमतीचा एक भाग झाला; संमती ओळखायची कशी, हा दुसरा आणि अधिक कठीण भाग. त्याची परीक्षा महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला, तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात झाली. २६ मार्च १९७२ च्या रात्री एका आदिवासी मुलीवर, जिला आपण मथुरा या नावाने ओळखतो, ठाण्यातच दोन पोलिसांनी अत्याचार केल्याची फिर्याद झाली. सत्र न्यायालयाने आरोपींना सोडले; उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने, मुकाट्याने सोसणे आणि संमती देणे या दोन भिन्न गोष्टी आहेत असे सांगून त्यांना दोषी ठरवले; आणि १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने, तिच्या अंगावर प्रतिकाराच्या खुणा नाहीत या कारणास्तव त्यांना पुन्हा निर्दोष सोडले. मध्यरात्रीच्या पोलीस ठाण्यात एकट्या सापडलेल्या पोरीने कोणाशी आणि कशाच्या बळावर झुंजायचे होते, हा प्रश्न सप्टेंबर १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चार कायदेपंडितांनी सरन्यायाधीशांना लिहिलेल्या अनावृत पत्रात विचारला. मुंबईत स्त्रियांच्या संघटना उभ्या राहिल्या, मोर्चे निघाले आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. पोलीस, कारागृह, रुग्णालय यांच्या ताब्यातील स्त्रीवरील बलात्कार हा स्वतंत्र व अधिक गंभीर गुन्हा ठरला. अशा खटल्यांत संमती नव्हती असे स्त्रीने सांगितले तर न्यायालयाने तसेच गृहीत धरावे असा नियम आला. पीडितेचे नाव प्रसिद्ध करण्यास बंदी झाली. संभोगाची व्याख्या मात्र १८६० साली होती तेथेच राहिली.

ती व्यापक करावी अशी शिफारस विधी आयोगाने २००० साली आपल्या १७२ व्या अहवालात केली. ‘साक्षी’ या संस्थेच्या याचिकेवर २००४ साली निर्णय देताना सर्वोच्च न्यायालयाने, इतक्या वर्षांचा अर्थ न्यायनिर्णयाने पालटणे इष्ट नाही, ते काम संसदेचे, असे म्हटले. के.ई.एम. च्या चौथ्या वॉर्डात या सर्व काळात अरुणा शानभाग निजून होत्या. परिचारिकांच्या पिढ्या येत होत्या, जात होत्या. त्यांना तेथून हलवण्याचा विचार महापालिकेने केला तेव्हा याच परिचारिकांनी तो हाणून पाडला. आणि इतक्या वर्षांत त्यांच्या पाठीला एकही शय्याव्रण झाले नाही, याची नोंद सर्वोच्च न्यायालयालाही घ्यावीशी वाटली.

१६ डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतील सामूहिक बलात्काराच्या घटनेने संसदेला अखेर हलवले. न्यायमूर्ती जे. एस. वर्मा यांच्या समितीने २३ जानेवारी २०१३ रोजी अहवाल दिला, ३ फेब्रुवारीस वटहुकूम निघाला आणि पाठोपाठ कायदा झाला. त्याने ३७५ वे कलम मुळापासून नव्याने लिहिले. योनी, मूत्रमार्ग किंवा गुद यांतील कोणताही प्रवेश, मग तो इंद्रियाचा असो, बोटाचा असो वा एखाद्या वस्तूचा असो, आणि मुखातील इंद्रियाचा प्रवेशही बलात्कार ठरला. संमती म्हणजे शब्दांनी वा खुणेने दिलेली निःसंदिग्ध व स्वेच्छेची मान्यता होय असे स्पष्ट झाले. आणि केवळ अंगाने प्रतिकार केला नाही म्हणून संमती होती असे मानू नये, हे मथुरेला न मिळालेले उत्तर कलमाच्या मजकुरातच घातले गेले. १९७३ मध्ये जे घडले ते या व्याख्येखाली निर्विवादपणे बलात्कार ठरले असते. परंतु फौजदारी कायदा मागील गुन्ह्यांना लागू होत नाही. १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने अरुणा शानभाग यांचे निधन झाले आणि भोईवाड्याच्या स्मशानभूमीत परिचारिका, डॉक्टर आणि परळकरांच्या गर्दीत त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले, तेव्हाही त्यांच्यावरील गुन्ह्याची नोंद जबरी चोरी व खुनाचा प्रयत्न हीच होती.

व्याख्या लिहून झाली म्हणजे तिचा अर्थही निश्चित झाला, असे नसते. मुलांच्या संरक्षणासाठी २०१२ मध्ये झालेल्या ‘पोक्सो’ कायद्यात लैंगिक हेतूने केलेला स्पर्श हा गुन्हा आहे; तरी जानेवारी २०२१ मध्ये नागपूर खंडपीठाने, कपड्यांवरून केलेला स्पर्श त्यात मोडत नाही, त्वचेस त्वचा लागली पाहिजे, असा निर्णय दिला आणि सर्वोच्च न्यायालयाला त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात तो रद्द करून, हेतू हाच गुन्ह्याचा गाभा आहे, हे सांगावे लागले. बलात्कारपीडितेच्या ‘दोन बोटांच्या’ तपासणीचेही तसेच. तिला २०१३ मध्येच अप्रतिष्ठेची ठरवूनदेखील, अशी तपासणी करणारा गैरवर्तनाचा दोषी समजला जाईल, असे न्यायालयाला ऑक्टोबर २०२२ मध्ये पुन्हा बजावावे लागले.

१ जुलै २०२४ पासून दंडसंहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आहे आणि ३७५ चे ६३ झाले आहे. पत्नीविषयीचा तो जुना अपवाद मात्र तिच्यात शिल्लक आहे. २०१७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर त्यातील वय अठरा झाले, इतकेच. तो अपवादच काढून टाकावा असे वर्मा समितीने सुचवले होते. संसदेने ते मानले नाही. प्रौढ पत्नीने नकार दिला तरी पतीचे कृत्य बलात्कार ठरत नाही. दिल्ली उच्च न्यायालयाच्या दोन न्यायाधीशांचे यावर मे २०२२ मध्ये एकमत होऊ शकले नाही आणि प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे गेला.

आणखी एक पोकळी नव्या संहितेने स्वतःच निर्माण केली आहे. प्रौढांतील परस्परसंमतीचा संबंध २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने कलम ३७७ मधून मुक्त केला, ते योग्यच झाले. परंतु संमतीवाचून झालेल्या कृत्यांपुरते ते कलम शिल्लक होते, आणि नव्या संहितेत ते मुळी घेतलेच नाही. बलात्काराच्या कलमातील पीडित ही केवळ स्त्री आहे. त्यामुळे आज एखाद्या प्रौढ पुरुषावर तोच अत्याचार झाला आणि तो भोईवाड्याच्या ठाण्यात फिर्याद घेऊन आला, तर ठाणे अंमलदाराला दुखापतीचे, डांबून ठेवल्याचे, नाही तर चोरीचे कलम शोधावे लागेल.