सापांच्या बेटावरची साळुंकी

ताप आला की घरोघरी घेतली जाणारी पॅरासिटामॉलची गोळी प्रशांत महासागरातल्या ग्वाम बेटावर वेगळ्याच कामाला लावली आहे. तिथे ती सापांना दिली जाते. त्यामागच्या कारणांपैकी एक आहे ‘साली’ नावाचा पक्षी.

साली हे नाव स्थानिक चामोरो भाषेतले. आपली साळुंकी आणि हिवाळ्यात थव्यांनी येणारी भोरडी यांच्याच कुळातला हा पक्षी. रंग चकचकीत काळा, डोळे पिवळे. पिल्ले मात्र तपकिरी, पोटावर रेघा असलेली. घरटे झाडाच्या ढोलीत किंवा खडकाच्या कपारीत, नाहीच जमले तर इमारतीच्या फटीत. किडे तो खातोच, पण खरी ओढ फळांची. पपई असो की उंबराच्या जातीचे फळ, गर पचतो आणि बी दूर कुठेतरी पडते.

दुसऱ्या महायुद्धानंतर लष्करी सामानातून तपकिरी रंगाचा, झाडांवर चढणारा साप या बेटावर आला. इथल्या पक्ष्यांना अशा शत्रूची सवयच नव्हती. बारापैकी दहा जातींचे वनपक्षी बेटावरच्या जंगलातून नाहीसे झाले. साली उरला तो मुख्यतः उत्तरेकडच्या अँडरसन हवाई तळावर, वस्तीच्या आडोशाला. ग्वामच्या जंगलातली बहुतेक झाडे बी पसरवण्यासाठी पक्ष्यांवर अवलंबून आहेत. आता फळ पिकते आणि आईच्याच सावलीत गळून पडते. तिथे रोपे नीट तगत नाहीत. शेजारच्या बेटांच्या तुलनेत कोळी मात्र पावसाळ्यात चाळीस पटींपर्यंत जास्त आढळले. त्यांना खाणारे कोणी उरले नाही.

आता गोळीविषयी. माणसात पॅरासिटामॉलचा अतिरेक यकृताला भोवतो. या सापात मात्र रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमताच जाते. ८० मिलिग्रॅम, म्हणजे आपल्या ५०० च्या गोळीच्या सहाव्या हिश्शाहूनही कमी औषध त्याला पुरते. (मांजरालाही ही गोळी घातक असते. घरात मांजर असणाऱ्यांनी ती चुकूनही देऊ नये.) मेलेल्या उंदराच्या पिल्लात औषध भरून ते हेलिकॉप्टरमधून टाकतात. सोबत कागदी पट्टी बांधलेली असते, म्हणजे आमिष जमिनीवर न पडता फांदीत अडकते. हा साप मेलेले भक्ष्यही खातो, म्हणून हे जमते.

सालीसाठी घरट्याच्या पेट्याही बसवल्या आहेत, सापाला सहज पोहोचता येणार नाही अशा बेताने. त्यात अंडी आणि पिल्ले बऱ्यापैकी सुरक्षित राहतात. अडचण येते पिल्लू बाहेर पडल्यावर. पहिले काही दिवस त्याला धड उडता येत नाही, आसपासच्याच फांदीवर ते रात्र काढते. साप निघतो तो रात्रीच.