खेळ शब्दांचा, गडी लांबचा

सांगलीला बुद्धिबळाची पंढरी म्हणतात. तिथले नूतन बुद्धिबळ मंडळ आणि भाऊसाहेब पडसलगीकर ही नावे बुद्धिबळ खेळणाऱ्या पुष्कळांना माहीत आहेत. बुद्धिबळ म्हटले की पटाशी समोरासमोर बसलेली दोन माणसे आपल्या डोळ्यांपुढे येतात. पण समोर न बसताही हा खेळ खेळता येतो. तो कसा? तर पोस्टाने!

ही थट्टा नव्हे. जगभर पुष्कळ लोक पोस्टाने बुद्धिबळ खेळत आले. दोघांनी आपापल्या घरी पट मांडायचा. एकाने आपली खेळी कार्डावर लिहून पेटीत टाकायची. कार्ड पोचले की दुसऱ्याने तीच खेळी आपल्या पटावर करायची, नीट विचार करायचा आणि उलट उत्तर धाडायचे. एकेक डाव वर्ष वर्ष चाले. भाषेची अडचण नको म्हणून पटावरच्या घरांना आकडे दिलेले होते. कार्डावर ५२५४ एवढे लिहिले की समजावे, राजापुढचे प्यादे दोन घरे पुढे सरकले. लिहिणारा मराठी असो की रशियन, वाचणाऱ्याला ते कळे. अशा खेळाची आंतरराष्ट्रीय संघटना १९५१ साली निघाली. ती आजही आहे. फक्त कार्डाच्या जागी आता इंटरनेट आले.

या खेळात एक मोठी सोय आहे. हिशेब मिनिटांचा नसतो, दिवसांचा असतो. आपली पाळी आपली वाट बघत थांबते.

आता मोबाईलवर शब्दांचे खेळ याच रीतीने चालतात. तुमच्या मुलाला किंवा सुनेला फोनवर अक्षरे जुळवताना तुम्ही पाहिले असेल. तो खेळ कसा चालतो ते बघू.

मूळ खेळ पटावरचा आणि इंग्रजीतला. अमेरिकेत आल्फ्रेड बट्स नावाचा एक माणूस होता. इमारतींचे नकाशे काढणे हा त्याचा धंदा. १९३० च्या सुमारास मोठी मंदी आली आणि त्याचे काम सुटले. तेव्हा त्याने एक खेळ काढायचे मनात घेतले. वर्तमानपत्रे पुढे घेऊन कोणते अक्षर किती वेळा येते ते तो मोजत बसला. त्या मोजणीवरून त्याने सोंगट्या ठरवल्या. इंग्रजीत ‘ई’ हे अक्षर फार येते, म्हणून त्याच्या १२ सोंगट्या, पण गुण एकच. ‘क्यू’ आणि ‘झेड’ क्वचित लागतात, म्हणून त्यांची एकेकच सोंगटी आणि गुण १०. सगळ्या मिळून सोंगट्या १००, पट १५ घरे रुंद आणि १५ घरे लांब. प्रत्येक गड्याने थैलीत हात घालून ७ सोंगट्या काढायच्या, त्यांतून शब्द जुळवून पटावर मांडायचा, आणि तो आधीच्या शब्दाला कुठेतरी चिकटला पाहिजे. १९४८ साली या खेळाला ‘स्क्रॅबल’ हे नाव मिळाले. पुढे २००९ साली याच धर्तीचा ‘वर्ड्स विथ फ्रेंड्स’ हा खेळ मोबाईलवर आला आणि लांबलांबचे लोक एकमेकांशी खेळू लागले.

तुम्ही म्हणाल, बुद्धिबळ पोस्टाने चालत होते, मग हा खेळ कार्डावर का चालला नाही? इथे मेख आहे. बुद्धिबळात सगळे उघडे असते. माझी सोंगटी तुम्हाला दिसते, तुमची मला. शब्दखेळात माझी ७ अक्षरे तुमच्यापासून लपलेली असतात, आणि नवी अक्षरे थैलीतून न बघता काढायची असतात. थैली साताऱ्याच्या गड्याजवळ असेल तर सांगलीच्या गड्याने विश्वास कसा ठेवायचा? तिसरा कोणी तरी पंच हवा, जो थैली सांभाळील आणि कोणाचीच बाजू घेणार नाही.

मोबाईलच्या खेळात हा पंच म्हणजे दूर कुठेतरी ठेवलेला संगणक. पट त्याच्याजवळ, थैली त्याच्याजवळ, गुणांची वहीही त्याच्याजवळ. समजा, एक सातारकर आणि एक सांगलीकर खेळत आहेत. दोघांमध्ये अंतर सुमारे सव्वाशे किलोमीटर. सातारकर पहाटे डेअरीला दूध घालून येतो आणि शब्द मांडतो. तो शब्द सरळ सांगलीला जात नाही. आधी पंचाकडे जातो. पंच आपल्या शब्दकोशात बघतो. शब्द असला तर गुण मांडतो, थैलीतून नवी अक्षरे देतो आणि सांगलीकराच्या फोनवर निरोप धाडतो, “आता तुमची पाळी.” सांगलीकर मार्केट यार्डात हमालीवर असेल. त्याला दुपारी भाकरी खाताना सवड होईल, तेव्हा तो खेळेल. तोवर पट आहे तसा राहतो. अगदीच कोणी पुष्कळ दिवस खेळला नाही, तर बहुतेक खेळांत डाव मोडतो. मुदत प्रत्येक खेळाची निराळी.

नुकते वाचायला शिकलेल्या माणसाला ही वाट बघणारी पाळी फार सोयीची आहे. वर्गात चारजणांपुढे अडखळत वाचायची लाज वाटते. पलीकडचा पटकन वाचतो, आपण एकेक अक्षर लावत बसतो, आणि मग गप्प राहणे बरे वाटते. इथे पलीकडच्याला तुम्ही शब्द दोन मिनिटांत जुळवला की दोन तासांत, हे कळतही नाही. शब्द चुकला तर यंत्र “नाही” म्हणते. रागावत नाही, हसत नाही. पुन्हा करा.

सातारा जिल्ह्यात १९५९ साली ग्राम शिक्षण मोहीम सुरू झाली. गावाने मिळून ठरवायचे, आपल्या गावात अडाणी कोणी ठेवायचा नाही. रात्रीचे वर्ग चालले. गाव साक्षर झाले की ग्रामगौरव समारंभ होई. पुढे ती मोहीम महाराष्ट्रभर गेली. पण अक्षराचे पोहण्यासारखे नाही. एकदा आले की जन्मभर राहील, असा भरवसा नाही. रोज डोळ्यांखालून गेले नाही तर ते पुसट होते. शेतात, घरात, बाजारात वाचायची वेळच आली नाही तर चार वर्षांनी पुन्हा अंगठा पुढे येतो. रोज एकदोन शब्द वाचायला आणि लिहायला लावील अशी काही तरी गोडी हवी. ती खेळातून लागली तर बिघडले कुठे?

मात्र एक अडचण आहे. हे खेळ बहुतेक इंग्रजीतले. मराठीत असा खेळ करणे सोपे नाही, आणि त्याचे कारण आपल्या लिपीत आहे.

इंग्रजीत अक्षरे २६. आपल्याकडे ‘क’ पासून ‘ळ’ पर्यंत व्यंजने ३४ धरा. प्रत्येकाची बाराखडी केली तर ३४ गुणिले १२, म्हणजे ४०८ अक्षरे झाली. जोडाक्षरे तर निराळीच. एवढ्या सोंगट्या थैलीत कशा घालणार? बरे, काना-मात्रा वेगळे काढून त्यांच्या सोंगट्या कराव्यात, तर नुसता काना पटावर एकटा कसा ठेवायचा?

यंत्राच्या पोटात मात्र तसेच असते. जगातल्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणारी युनिकोड नावाची पद्धत १९९१ साली आली. तीत देवनागरीला जागा आहे. त्या पद्धतीत ‘सातारा’ हा शब्द यंत्र असा ठेवते: स, काना, त, काना, र, काना. म्हणजे सहा खुणा. ‘सांगली’ घ्या: स, काना, अनुस्वार, ग, ल, दीर्घ वेलांटी. याही सहाच! आपल्या डोळ्याला दोन्ही गावे तीन-तीन अक्षरांची. ‘कराड’ आणि ‘मिरज’ हीही तीन अक्षरांची गावे, पण यंत्राच्या हिशेबी चार खुणांची. ‘स्त्री’ हे तर आपल्याला एकच अक्षर, यंत्राला सहा खुणा. तेव्हा मराठीत शब्दखेळ करणाऱ्याला आधी ठरवावे लागते की मोजायचे काय, डोळ्याला दिसते ते की यंत्राला दिसते ते. माझ्या मते डोळ्याचे मोजावे. पाटीवर आपण अक्षर गिरवतो, खुणा गिरवीत नाही. बंगळूरच्या एका कंपनीने हिंदी अक्षरांचा ‘अक्षरित’ नावाचा पटावरचा खेळ काढला होता, म्हणजे आपल्या लिप्यांत हे अगदीच अशक्य नाही.

दुसरी अडचण शब्दकोशाची. पंचाच्या शब्दकोशात जो शब्द नाही, तो शब्दच नाही! आता ‘खोडवा’ हा शब्द आपल्याकडे उसाचा प्रत्येक शेतकरी जाणतो. ‘वाफसा’ झाल्याशिवाय कोणी पेरणीला हात घालत नाही. ‘पाभर’, ‘कुळव’, ‘चिपाड’, ‘काकवी’ हे घरचे शब्द. हळद साठवायचे हरिपूरचे ‘पेव’ सांगलीत कोणाला माहीत नाही? पण शहरात बसून कोणी यादी केली तर यांतले किती शब्द तीत येतील? यंत्राने ‘वाफसा’ नाकारला तर दोष वाफशाचा नव्हे, यादीचा. नुकते वाचू लागलेल्या माणसाजवळ शब्द कमी असतात असे काही शिकलेले लोक समजतात. ते खरे नाही. शब्द त्याच्याजवळ भरपूर असतात. लिहायची सवय कमी असते, एवढेच.

शुद्धलेखन मात्र यंत्र सोडत नाही. ‘शिर’ म्हणजे डोके आणि ‘शीर’ म्हणजे रक्ताची नाडी. ‘सुत’ म्हणजे मुलगा आणि ‘सूत’ म्हणजे धागा. बोलताना आपण ‘पानी’ म्हणतो, चालते. लिहिताना ‘पाणी’च पाहिजे.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. पलीकडचा गडी दिसत नाही. तो खरा माणूस आहे की यंत्रच माणसाचे नाव घेऊन खेळते आहे, हे कधी कधी कळत नाही. खेळता खेळता तो गोड बोलू लागला, पैसे मागू लागला, फोनवर आलेला ओटीपी विचारू लागला, तर तिथेच डाव सोडा. फसगत झालीच तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन करा. जितका उशीर, तितके पैसे परत मिळणे अवघड. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांना बंदी करणारा कायदा संसदेने २०२५ साली केला आहे. तेव्हा कोणी “शब्द जुळवा, हजार जिंका, आधी पन्नास भरा” म्हणाले तर ओळखून असा.

मग मराठीत खेळायचे कसे? घरच्या घरी करता येते. मुलगी सांगलीला दिली असेल आणि आईबाप साताऱ्याकडे असतील, तर फोनवरच्या साध्या निरोपांवर हा खेळ चालतो. थैली नको, पंच नको. अक्षरे उघडीच ठेवायची, म्हणजे पोस्टाच्या बुद्धिबळासारखे झाले.

एकाने नऊ व्यंजने लिहून पाठवायची. समजा: स, त, र, क, ग, ल, म, न, व. काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार हवे तसे लावायची मुभा. एका शब्दात एक व्यंजन एकदाच. ‘गवत’ होतो. ‘नवरा’ होतो. ‘तलवार’ होतो. ‘सरकार’ होत नाही, कारण ‘र’ दोनदा येतो. एकेक शब्द पाळीपाळीने पाठवायचा, आलेला शब्द वहीत लिहून ठेवायचा, पुन्हा तोच आला तर बाद. शब्दात जितकी अक्षरे तितके गुण: गवताला ३, तलवारीला ४. जोडाक्षर साधले तर एक गुण जादा द्या. म्हणजे ‘रस्ता’ला २ आणि १ मिळून ३. ‘वस्त्र’लाही तेवढेच.

भांडण होईल ते नावांवरून. आधीच ठरवा की गावांची आणि माणसांची नावे चालणार नाहीत. मग याच नऊ अक्षरांत ‘सातारा’ आणि ‘सांगली’ दोन्ही बसतात, तरी दोन्ही बाद. आणि कोणी ‘मसूर’ पाठवला तर? मसूर हे कराड तालुक्यातले गाव आहे, पण आमटीची डाळही आहे. ३ गुण द्या.