म्हातारा राखणदार घरी आणताना

फ्रान्स व स्पेन यांच्या सीमेवरील पिरेनीज पर्वतात मेंढ्यांची राखण करणारा ‘ग्रेट पिरेनीज’ हा पांढरा, केसाळ कुत्रा सुमारे ५० किलोग्रॅम वजनाचा असतो. समजा, प्राण्यांच्या आश्रयगृहातील असा आठ वर्षांचा कुत्रा कोणी घरी आणला. त्याला आधी काय हवे?

थोडे गणित करू. प्राण्याची लांबी, रुंदी, उंची दुप्पट केली, तर वजन आठपट होते. हाडाच्या छेदाचे क्षेत्रफळ मात्र चौपटच. म्हणजे हाडाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर दुप्पट भार! मोठ्या प्राण्यांची हाडे प्रमाणाबाहेर जाड का लागतात, हे गॅलिलिओने १६३८ साली याच विचाराने सांगितले.

अशा कुत्र्यांचे आयुष्य साधारण १०–१२ वर्षे. आठव्या वर्षी सांधे कुरकुरू लागलेले असतात. गुळगुळीत फरशीवर घर्षण कमी, म्हणून पाय फाकतात. तेथे काथ्याची चटई पसरावी. पायऱ्यांवर फळीची उतरण करावी. वजन वाढू देऊ नये. रात्री तो भुंकेल. पिढ्यान्‌पिढ्यांची राखण ती, रागावू नये.

त्याची थोडीच वर्षे उरली आहेत. ती न घसरता जावीत, एवढे पदार्थविज्ञान आपल्याला नक्कीच येते!