कच्च्या क्वार्ट्‌झ नमुन्यांची ओळख व मूल्यनिर्धारण : सोलापूर परिसराच्या संदर्भात

बीजसंज्ञा : गारगोटी, बेसाल्ट, कॅल्सेडोनी, झिओलाइट, नमुना-नोंद

प्रस्तावना

सोलापूर जिल्ह्याचा जवळजवळ सर्व भूभाग दख्खनच्या बेसाल्ट खडकाचा आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थंड होताना त्यात अडकलेल्या वायूंमुळे पोकळ्या निर्माण झाल्या. पुढे सिलिकायुक्त द्रावणे त्यांत झिरपली आणि क्वार्ट्‌झ, कॅल्सेडोनी, कॅल्साइट व झिओलाइट ही दुय्यम खनिजे साकारली. विहीर खोदताना किंवा खडीच्या खाणीत अशा पोकळ्या उघड्या पडतात आणि हाती आलेल्या प्रत्येक पांढऱ्या चकाकत्या दगडास सरसकट ‘गारगोटी’ म्हटले जाते. विद्यार्थी असा दगड महाविद्यालयात घेऊन येतो तेव्हा दोन प्रश्न उपस्थित होतात : हा कोणता दगड आहे आणि त्याचे मोल किती? पहिल्या प्रश्नाच्या उत्तरासाठी केलेली घाई पुष्कळदा दुसऱ्या प्रश्नाचे उत्तरच नष्ट करते. म्हणून या दोन्ही बाबींचा एकत्रित विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

ओळखीची लक्षणे

क्वार्ट्‌झ म्हणजे सिलिकॉन डायऑक्साइड. त्याची कठिनता ७ व विशिष्ट गुरुत्व २.६५ असते. त्याला पाटन नसते. तो शंखाकृती भंगाने फुटतो. प्रथम भिंगातून केवळ निरीक्षण करावे. सहा बाजूंचे टोकदार स्फटिक आणि लोलकाच्या पृष्ठावरील आडव्या रेषा ही क्वार्ट्‌झची खूण होय. रंगहीन अ‍ॅपोफिलाइट वरवर त्यासारखेच दिसते. परंतु त्याचा छेद चौरस असतो, पृष्ठावरील रेषा उभ्या असतात व सपाट टोकावर मोत्यासारखी चमक दिसते. स्टिल्बाइटचे स्फटिक अनेकदा पेंढीसारखे एकत्र बांधलेले असतात.

निरीक्षणाने निर्णय न झाल्यासच कठिनता तपासावी. क्वार्ट्‌झ काचेवर ओरखडा उठवतो, पोलादी चाकूने मात्र त्यावर ओरखडा उठत नाही. कॅल्साइट (कठिनता ३), स्टिल्बाइट (३.५ ते ४) व अ‍ॅपोफिलाइट (४.५ ते ५) यांवर चाकूचा ओरखडा उठतो. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाच्या थेंबाने कॅल्साइट फसफसते, क्वार्ट्‌झ नाही. या चाचण्या सुट्या तुकड्यावर किंवा नमुन्याच्या मागील बाजूवर कराव्यात, स्फटिकाच्या टोकावर कदापि नाही. ‘स्फटिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या काचेत अनेकदा गोल बुडबुडे आढळतात.

मूल्यनिर्धारणाचे निकष

औद्योगिक क्वार्ट्‌झची किंमत शुद्धतेवर व टनावर ठरते. संग्राह्य नमुन्याची नगावर. २०१५ मध्ये गौण खनिज ठरविलेला क्वार्ट्‌झ फेब्रुवारी २०२५ मध्ये पुन्हा प्रमुख खनिजांत समाविष्ट झाला. ही वर्गवारी उत्खननाच्या परवानगीशी संबंधित आहे. तिच्यावरून नमुन्याचे मोल ठरत नाही.

क्वार्ट्‌झ हे भूकवचातील अतिशय विपुल खनिज असल्याने केवळ आकारमानास फारसे मोल नाही. अभंग टोके, पारदर्शकता, चमक व रंग हे प्राथमिक निकष होत. जांभळ्या अ‍ॅमेथिस्टला साध्या पांढऱ्या स्फटिकापेक्षा अधिक मागणी असते. तथापि दीर्घकाळ उन्हात ठेवल्यास त्याचा रंग फिका पडू शकतो आणि तीव्र उष्णतेने तो पिवळा होतो. पट्टेदार अकीक कृत्रिमरीत्या रंगवला जात असल्याने भडक, एकसारख्या रंगाविषयी साशंक राहावे.

सहवास हा दुसरा निकष. मूळ बेसाल्टसह असलेला, क्वार्ट्‌झवर अ‍ॅपोफिलाइट किंवा स्टिल्बाइट वाढलेला नमुना सुट्या स्फटिकापेक्षा मोलाचा असतो, कारण खनिजे कोणत्या क्रमाने घडली हे त्यात वाचता येते. असा नमुना ‘स्वच्छ’ करण्यासाठी आम्लात बुडविल्यास क्वार्ट्‌झ टिकतो, परंतु त्यावरील अ‍ॅपोफिलाइट व झिओलाइट खराब होतात. पाणी व मऊ कुंचला बहुधा पुरेसे असतात.

तिसरा निकष स्थळनोंदीचा. गाव, विहीर वा खाण, खोली व दिनांक यांची चिठ्ठी नसलेला नमुना अभ्यासाच्या दृष्टीने निम्मा मुका होतो. स्थान एकदा विसरले की ते कोणत्याही प्रयोगशाळेत सहजी परत मिळत नाही.

पुरातत्त्वीय दक्षता

भीमेच्या खोऱ्यातील प्रत्येक कॅल्सेडोनीचा तुकडा केवळ खनिज नमुना नसतो. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केलेल्या इनामगाव येथील ताम्रपाषाणयुगीन वस्तीत कॅल्सेडोनीची पाती सापडली आहेत. ‘पेरिप्लस’ या इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ग्रीक ग्रंथात पैठणहून भडोचकडे जाणाऱ्या मौल्यवान दगडाचा उल्लेख आहे. म्हणून पातळ, समांतर कडांचा किंवा भोक पाडलेला तुकडा आढळल्यास तो न उचलता जागेची नोंद करून तज्ज्ञांस कळवावे. त्याचे मोल बाजारात नसून तो ज्या थरात आहे त्या थरात असते.

समारोप

सोलापूरच्या गारगोटीतून संपत्ती मिळण्याची शक्यता अल्प आहे. ज्ञान मिळण्याची मात्र पुष्कळ आहे. आधी पाहणे, मग नोंदणे आणि शेवटी गरज असल्यासच ओरखडणे, हा क्रम पाळला तर विभागाच्या कपाटातील नमुने पुढील पिढीच्या अभ्यासकांना उपयोगी पडतील. सिन्नर येथील ‘गारगोटी’ संग्रहालय दख्खनच्या खनिजांचे सौंदर्य दाखविते; महाविद्यालयीन संग्रहाने त्यास स्थानिक नोंदींची जोड द्यावी, हे अधिक गरजेचे आहे.