कारण जुळवणारा मेंदू

छातीत दुखणारा रुग्ण "डॉक्टर, पित्तच आहे" असे ठामपणे सांगतो, तेव्हा मला एक प्रयोग आठवतो. मेंदूचे दोन अर्धगोल सुमारे २० कोटी तंतूंच्या पुलाने जोडलेले असतात. औषधांना न जुमानणाऱ्या फिट्ससाठी क्वचित हा पूल कापतात. १९७० च्या दशकात अमेरिकेत गॅझानिगा यांनी अशा एका रुग्णाच्या उजव्या अर्धगोलाला बर्फाचे, तर डाव्याला कोंबडीच्या पायाचे चित्र दाखवले. उजव्याच्या ताब्यातील डाव्या हाताने फावडे निवडले. कारण विचारताच, बर्फ न पाहिलेला पण बोलणारा डावा अर्धगोल म्हणाला, "खुराडे साफ करायला!" तो खोटे बोलत नव्हता; त्याने कारण जुळवले होते. पूल शाबूत असूनही ही सवय आपल्यालाही आहे. म्हणून छातीतल्या दुखण्याला स्वतःच 'पित्त' ठरवू नका. लगेच तपासून घ्या.