औषध कंपनी आणि तिच्या आतली शिस्त : रॅनबॅक्सीचं उदाहरण

बारावी वाणिज्यला व्यवस्थापनाची कार्ये शिकवताना ‘नियंत्रण’ हा भाग शेवटी येतो आणि बहुधा घाईत उरकला जातो. मुलं व्याख्या पाठ करतात, पण कंपनीच्या आतली शिस्त आणि तिचा नफा यांचा संबंध काय, हे त्यांना उमगत नाही. औषध उद्योग घेतला की ते लवकर कळतं. साबण वाईट निघाला तर गिऱ्हाईकाला समजतं. गोळीत औषध कमी आहे की नाही, हे रुग्णालाही कळत नाही आणि डॉक्टरांनाही. सगळी भिस्त कारखान्यातल्या चाचण्यांवर आणि नोंदींवर.

गोळ्यांच्या पाकिटावर मुदत छापलेली असते, ती कशी ठरते? नमुने ठरावीक तापमानात व आर्द्रतेत ठेवतात आणि तीन, सहा, नऊ, बारा महिन्यांनी तपासतात. औषध किती टिकतं ते यातून दिसतं. आता हेच नमुने फ्रीजमध्ये ठेवले आणि सगळ्या तपासण्या एकाच दिवशी केल्या तर? तपासणीच्या आदल्या रात्री वर्षभराचं टाचण लिहून काढण्यासारखंच ते! वही भरते, पण वर्गात काय झालं ते तिच्यातून कळत नाही.

रॅनबॅक्सीत नेमकं असंच घडलं होतं. कंपनीत काम करणाऱ्या दिनेश ठाकूर यांना 2004 मध्ये वरिष्ठांनी नोंदी तपासायला सांगितलं. त्यांना अनेक ठिकाणी माहिती बनावट आढळली, ती संचालकांपुढे गेली, तरी फारसं हललं नाही. ठाकूर यांनी 2005 मध्ये नोकरी सोडली आणि अमेरिकेच्या औषध प्रशासनाला कळवलं. माझ्या मते सगळ्यात महागात पडली ती ही गोष्ट. चूक आतल्या माणसानेच दाखवली होती, पण ती ऐकून घेणारी व्यवस्था नव्हती.

पुढचा हिशेब फळ्यावर मांडा. सप्टेंबर 2008 : पाओंटा साहिब आणि देवास इथल्या कारखान्यांच्या 30 हून अधिक औषधांना अमेरिकेची दारं बंद. त्याच वर्षी जपानच्या दाइची सांक्योने कंपनीचा मोठा हिस्सा विकत घेतला होता. मे 2013 : कंपनीने अमेरिकेत गुन्हा कबूल केला आणि 50 कोटी डॉलर भरायचं मान्य केलं. मार्च 2015 : रॅनबॅक्सी मुंबईच्या सन फार्मात विलीन झाली.

आपल्या औषध नियमांच्या ‘अनुसूची एम’मध्ये गुणवत्ता तपासणारा विभाग उत्पादन विभागापासून स्वतंत्र असावा, असं सांगितलं आहे. मुलांना एवढंच विचारा : महिनाअखेर आहे, ऑर्डर अडकलीय आणि तपासणाऱ्याचा साहेब तोच, जो माल बनवतो. तो तपासणारा सही करेल की माल थांबवेल? संघटन आणि नियंत्रण हे दोन्ही धडे या एका प्रश्नावर एका तासात घेता येतात.